सरकवलेली घरटी

माझ्या नणंदेला खोटं बोलता येत नाही, असं मी लग्न होऊन या घरात आल्यापासून समजत होते. चहात साखर घालायला विसरली तरी तिच्या तोंडावर दिसायचं. त्यामुळे त्या दुपारी ती चिखलात अडकली आणि तिला शोधायला बोट पाठवायची वेळ आली, तेव्हा तिनेच आणून दिलेले आकडे खोटे असतील हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. आणि मी म्हणे आकड्यांची तज्ज्ञ. डोंबलाची तज्ज्ञ.

आमचं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. शहर संपतं तिथे खाडी लागते, आणि खाडीच्या कडेने माणसापेक्षा उंच गवताची अफाट दलदल. त्या दलदलीत एक तपकिरी पक्षी जमिनीवर घरटं करतो. दिसायला काही खास नाही, कोंबडीएवढा, सदा कपाळाला आठ्या घातल्यासारखा. पण आता फार थोडे उरलेत, म्हणून आमच्या संस्थेला त्याची काळजी. नणंद लांब बूट घालून चिखलात उतरते, घरटी शोधते आणि प्रत्येक घरट्याची जागा यंत्रावर बघून मोबाइलमध्ये भरते. दोन आकडे असतात, एक पूर्व-पश्चिम किती मीटर, एक उत्तर-दक्षिण किती मीटर. ती उंच, सडपातळ, आणि कितीही वेळ न हलता उभी राहू शकते, म्हणून घरात तिला सगळे बगळी म्हणतात. मी खुर्चीत बसून तिचे ठिपके नकाशावर मांडते. ठिपके कुठे दाट, कुठे विरळ, दोघांत अंतर किती, ते अंतर उगाच पडलंय की पक्ष्यांनी राखलंय, हे गणिताने तपासायचं. लोक याला अंदाजपंचे म्हणतात. सासूबाईसुद्धा म्हणतात, पण प्रेमाने.

घरट्यांना बगळीने नात्यातली नावं दिली होती. मावशी, थोरली जाऊ, विहीणबाई. एक पक्षी कुणी जवळ गेलं की मान वळवून फुगून बसायचा, त्याचं घरटं म्हणजे जावई. फाइलमध्ये क्रमांक असायचे, पण घरात जेवताना आम्ही दोघी नावांनीच बोलायचो आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की आमच्या केवढ्या सोयरिकी आहेत.

आता चोरांचं. या पक्ष्याची अंडी जमवणारे शौकीन असतात. कपाटात कापसावर मांडून ठेवतात म्हणे, आणि त्यांना आणून देणारेही असतात. त्यामुळे आमच्या धंद्यात एक रीत आहे. लोकांसाठी जो नकाशा इंटरनेटवर ठेवायचा, त्यात खरे ठिपके ठेवायचेच नाहीत. प्रत्येक ठिपका थोडासा ढकलायचा, एक इकडे, एक तिकडे, चिठ्ठी टाकून दिशा काढल्यासारखा. अभ्यास करणाऱ्याला एकंदर चित्र कळतं, चोराला घरटं सापडत नाही. हे ढकलायचं काम माझं. खरी फाइल दोनच ठिकाणी, एक कार्यालयात आमच्या वरिष्ठ सरांच्या कुलपात आणि एक माझ्या लॅपटॉपवर. तरीही मागच्या हंगामात तीन घरटी लागोपाठ रिकामी झाली. सरांनी सगळ्यांना झापलं, आणि बगळी कितीतरी दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मला वाटलं, पक्ष्यांचं दुःख झालंय, बोलेल हळूहळू.

यंदा माझं गणितच रुसून बसलं होतं. जमिनीवर घरटं करणारा पक्षी भरतीचं पाणी चढणार नाही असे उंचवटे निवडणार, हे शेंबडं पोरही सांगेल. मागच्या वर्षीपर्यंत आकडेही तेच सांगत होते. यंदा उंचीच्या नकाशावर ठिपके टाकावेत तर निम्मी घरटी सखल भागात, दोन तर थेट ओहोळात. मी सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. शेवटी पक्षी सवयी बदलतोय असं धरून सरांपुढे लांबलचक भाषणही ठोकलं. बगळीला सांगितलं तर ती म्हणाली, पोहायला शिकले असतील, आणि ताट उचलून आत गेली. मला राग आला होता. स्वतः आणून द्यायचं आणि वर टिंगल करायची.

तो सुट्टीचा दिवस होता. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते, समोर सासूबाई मटार सोलत होत्या. नवरा सोफ्यावर कुणाच्या तरी जुन्या मोबाइलचं पोट उघडून बसला होता. मोबाइल दुरुस्त करून विकायचं त्याचं लहानसं दुकान आहे, आणि माझ्या लॅपटॉपचं दुखणंखुपणंही तोच बघतो. बगळी सकाळीच दलदलीत गेली होती, तीही एकटी. एकटीने जायचं नाही असा नियम आहे, पण तिची सोबतीण तापाने पडली आणि हिला काही दम निघाला नाही.

फोन उचलला तर आधी वाराच ऐकू आला. मग बगळीचा आवाज, अगदी शांत, आणि त्या शांतपणानेच मी खुर्चीतून उठले. उजवा पाय मांडीपर्यंत रुतलाय, ती म्हणाली, डावा गुडघ्यापर्यंत, आणि ओढला की आणखी आत जातोय. जागा दाखवणारं यंत्र हातातून सुटून चिखलात गेलं. मोबाइलची बॅटरी संपत आलीय, नेट लागत नाही, आणि भरती लागलीय. कुठे आहेस, असं मी ओरडून विचारलं.

"जावयाजवळ. पण वहिनी, नीट ऐक, जावई तिथे नाहीये जिथे..."

फोन गेला. मी परत लावला, परत लावला. बंद.

त्या दलदलीचं एक आहे. ओहोटीला ती माळरानासारखी दिसते, आणि पूर्ण भरतीला उंचवटे सोडले तर सगळीकडे पुरुषभर पाणी होतं. वरून फक्त गवताचे शेंडे दिसतात. बगळी कुठल्यातरी उंचवट्याच्या पायथ्याशी मांडीपर्यंत गाडलेली होती आणि पाणी तिच्याकडे निघालं होतं. सासूबाईंना मी इतकंच सांगितलं की तिचा पाय अडकलाय. त्यांनी शेंगा खाली ठेवल्या. त्यांना सगळं कळलं होतं.

किनाऱ्यावरच्या बचाव पथकाच्या प्रमुखाला मी फोन लावला. माणूस चपळ होता. मी बोलतेय तोवर त्याने आमचा इंटरनेटवरचा नकाशा उघडून त्या क्रमांकाचं घरटं शोधलंसुद्धा. ताई, दिसलं, म्हणाला, बोट काढतो. मी किंचाळले की तिथे जाऊ नका, तो ठिपका खोटा आहे, मीच तो हलवलाय. तो अदबीने म्हणाला की माझ्याकडे उथळ पाण्यात चालणारी सपाट तळाची बोट एकच आहे, दुसरीचं इंजिन खोललंय, तेव्हा खरं काय ते नक्की सांगा. मी लॅपटॉपवरची खरी फाइल उघडली आणि एकेक आकडा दोनदा वाचून दाखवला.

नवरा तोवर माझ्या शेजारी येऊन बसला होता. मी आकडे सांगत असताना त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. उठला, खिडकी लावून आला, परत बसला. त्याचा गुडघा टेबलाखाली थडथड उडत होता. पाठची बहीण आहे, जीव तुटणारच, असं मला वाटलं आणि मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात त्याने घट्ट धरला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

बोटीला सरळ जाता येत नव्हतं. खाडीतून वळसा घालून, मग ओहोळातून आत. प्रमुखाने फोन चालूच ठेवला होता आणि इंजिनाची घरघर आमच्या टेबलावर येत होती. सासूबाई सारख्या म्हणत होत्या, तिला पोहता येतं, लहानपणापासून येतं. ज्याचे पाय चिखलाने धरलेत त्याला पोहण्याचा काय उपयोग, हे त्यांना कोण सांगणार? मी हो हो म्हणत राहिले. माझं सगळं लक्ष त्या घरघरीकडे होतं. ती थांबली की बगळी सापडेल, असं मी धरून बसले होते.

घरघर थांबली. माणसांच्या हाका ऐकू आल्या, शिट्ट्या ऐकू आल्या. पुन्हा हाका. मग प्रमुखाने फोन कानाला लावला.

"ताई, इथे कुणी नाही. आणि इथे घरटं कसं असेल? कमरेएवढं पाणी आहे, ही जागा रोजच बुडत असणार."

आधी वाटलं की बुडाली. मग वाटलं, नाही, तो म्हणतोय ते वेगळंच आहे. तिथे उंचवटाच नाही. जो माणूस त्या जागी उभा आहे तोच सांगतोय की इथे पक्षी घरटं करणार नाही, आणि मी हंगामभर सरांना सांगत फिरतेय की करतो.

मी नकाशाकडे पाहिलं. भीतीने माणसाचं डोकं बंद पडतं म्हणतात. माझं त्या वेळी उलट झालं, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. यंत्राची चूक असती तर ठिपके वेडेवाकडे उडाले असते, कुणी इकडे, कुणी तिकडे. या पक्ष्यांचं शेजाऱ्यांशी कधी पटत नाही. दोन घरट्यांत ठरावीक अंतर ते राखतातच, कमी झालं की मारामाऱ्या. ठिपके एकेकटे हलले असते तर ती अंतरं बिघडली असती, दोन घरटी एकमेकांच्या डोक्यावर बसली असती. मी अंतरं काढली. चोख होती, अगदी मागच्या वर्षीसारखी. म्हणजे ठिपके सुटे सुटे हलले नव्हते. सगळीच्या सगळी नक्षी सरकली होती, कापडावर छाप मारताना ठसा घसरावा तशी. आणि असं सगळं एका मापाने सरकवणारा हात एकच असू शकत होता, आकडे भरणारा.

मी मोठ्याने म्हटलं की बगळीने सगळी घरटी सरकवलीत. सासूबाईंना काही उमगलं नाही. नवऱ्याने लगेच विचारलं, "मग खरी कुठे आहेत?"

मी टाइप करायला लागले होते. काम सोपं होतं. सगळा ठिपक्यांचा कागद उंचीच्या नकाशावर थोडा थोडा सरकवायचा, चारी दिशांना, आणि दर वेळी मोजायचं की किती घरटी उंचवट्यांवर बसतात. खरी जागा आली की सगळी एकदम जागच्या जागी बसतील. मोजायचं काम यंत्र करणार, मला फक्त चार-पाच ओळी लिहायच्या होत्या. तरी एक कंस तीनदा चुकला. नवऱ्याने पाण्याचा पेला पुढे केला, मी तो हातानेच बाजूला सारला आणि तो सांडला. कुणी पुसला नाही.

पडद्यावर उत्तर आलं आणि मला रडू फुटायची वेळ आली, कारण उत्तरं दोन होती. दलदलीतले उंचवटे नांगरटीच्या सऱ्यांसारखे ओळीने, एकमेकांना समांतर आहेत. त्यामुळे कागद एका रांगेवर बसतो तसा पुढच्या रांगेवरही बऱ्यापैकी बसतो. एक जागा ईशान्येला, तिरकी. दुसरी सरळ पश्चिमेला, साधारण पाचशे मीटरवर. ईशान्येचं उत्तर थोडं सरस होतं, तिथे दोन घरटी जास्त बसत होती. मी प्रमुखाला दोन्ही सांगितली. तो म्हणाला की मध्ये मोठा ओहोळ आहे, एकीकडे गेलो की दुसरीकडे पोचेपर्यंत काही खरं नाही.

"एकच सांगा, ताई."

आयुष्यभर मी लोकांना सांगत आलेय की बाबांनो, मनाला काय वाटतं ते घरी ठेवा, आकडा काय म्हणतो ते ऐका. आकडा ईशान्य म्हणत होता. दोन घरट्यांच्या फरकाने म्हणत होता. दुसऱ्या कुणाच्या नणंदेसाठी विचारलं असतं तर मी ईशान्य सांगून मोकळी झाले असते. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी डोळे मिटले आणि बगळीला चिखलात उभी केली. एका हातात यंत्र, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मोबाइलवर आकडे भरतेय, वारा, तोंडावर गवत. या बाईला दुकानात सुटे पैसे किती परत यायचे ते मला विचारावं लागतं. तिरकं सरकवायचं तर दर घरट्याला दोन्ही आकडे बदलायला हवेत, दोन वेगवेगळ्या रकमांनी, आणि एकदाही न चुकता. बगळी? शक्य नाही. ती एकच आकडा बदलणार, आणि मनातल्या मनात जमेल अशा गोल रकमेने. पूर्व-पश्चिमच्या आकड्यात पाचशे मिळवायचे आणि पुढे चालायला लागायचं.

"पश्चिमेला," मी म्हटलं. "सरळ पश्चिमेला, पाचशे मीटर."

इंजिन सुरू झालं. नवऱ्याने हळूच विचारलं, पक्कं ना? मी म्हटलं, नाही. आणि मग जी भीती वाटली तशी मला जन्मात वाटली नव्हती. तोवर भीती पाण्याची होती. आता माझीच होती. मी चुकले असेन तर बगळीला पाण्याने नाही, मी मारलं असं होणार होतं, आणि ते तिच्या आईशेजारी बसून मला ऐकायचं होतं. सासूबाईंनी माझा दंड धरला होता, नखं रुतत होती, आणि मला ते बरं वाटत होतं.

त्या वेळात मी काहीबाही बघत बसले. मटारची साल टेबलावर पाण्यात भिजत होती. नवऱ्याने उघडलेल्या मोबाइलचे बारके स्क्रू सोफ्यावर कागदात मांडलेले होते. घरघर मध्येच मंद व्हायची, मग पुन्हा वाढायची. एकदा कुणीतरी काहीतरी ओरडलं आणि दुसऱ्याने त्याला गप्प केलं. मग इंजिन बंद झालं आणि कितीतरी वेळ फक्त पाण्याचा चुबुकचुबुक आवाज.

"सापडली," प्रमुख म्हणाला. "बोलतेय."

पाणी हनुवटीला लागलं होतं. ती तोंड वर करून, गवताची जुडी दोन्ही हातांनी धरून उभी होती, आणि ओरडून ओरडून घसा बसल्यामुळे तिची हाक कुणाला ऐकूच जात नव्हती. जावयाचं घरटं तिच्यापासून चार हातांवर, उंचवट्यावर, कोरडं. त्या लोकांनी फळ्या टाकल्या, नळीने पाण्याचा झोत मारून पायाभोवतीचा चिखल सैल केला आणि तिला आडवी ओढून काढली. बूट तिथेच राहिले. हे सगळं मला मागाहून कळलं. त्या क्षणी मी टेबलावर डोकं ठेवून हुंदके देत होते, सासूबाई माझे केस कुरवाळत होत्या आणि नवरा तोंड धुवायला आत गेला होता.

मी तशीच इस्पितळात पळाले. नवरा सासूबाईंना घेऊन, तिचे कपडे बरोबर घेऊन मागून येणार होता.

संध्याकाळ होत होती. बगळी भिंतीकडच्या खाटेवर होती, ओठ निळे, हाताला सलाइन, पाय जाड पांघरुणात गुंडाळलेले. मला वाटलं, बघितल्याबरोबर गळ्यात पडेल. तिने बसक्या आवाजात पहिला प्रश्न विचारला की खरी जागा कुणाकुणाला कळली.

माझं डोकंच फिरलं. मेली असतीस गधडे, म्हटलं, पाच मिनिटं उशीर झाला असता तर तुझं प्रेत आणलं असतं, आणि तुला पक्ष्यांची पडलीय? माझ्यापासून लपवलंस? माझ्यापासून? ताटाला ताट लावून जेवतो आपण. शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली तशी मी गप्प झाले आणि मला पुन्हा रडू आलं.

बगळी थोडं थोडं बोलत गेली, मध्ये खोकत. मागच्या वर्षी जी तीन घरटी लुटली गेली, ती तिने मला आकडे आणून दिल्यावर आठवडाभरात लुटली गेली होती. तिला फाइलचाच संशय आला. म्हणून यंदा पहिल्या दिवसापासून तिने प्रत्येक घरटं पाचशे मीटर सरकवून भरलं आणि कुणाला बोलली नाही. मग ती मुद्दाम त्या खोट्या जागांवर जाऊन बघायला लागली. तिथे घरटं नव्हतं, पक्षी नव्हता, कुणी जायचं कारणच नव्हतं. आणि तरी तिथे बुटांचे ठसे होते, गवत बाजूला केलेलं होतं, काठीने खुपसून बघितलेलं होतं. त्या जागा जगात फक्त आमच्या फाइलमध्येच होत्या.

"आधी मला वाटलं, तू," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

मला ते फार लागलं. तसं मी म्हटलंही. पण ती थांबली नाही, आता थांबता येत नव्हतं तिला. महिन्याभरापूर्वी जिन्यात तिने दादाला फोनवर बोलताना ऐकलं होतं. दादा म्हणजे माझा नवरा. तो कुणालातरी समजावत होता की माझ्यावर डाफरू नका, बायकोच्या फाइलमध्ये जे आहे तेच मी दिलं, तुमची माणसं दोनदा जाऊन आली आणि तिथे काही नाही म्हणतात, तर मी काय करू. बगळी तशीच पावलं न वाजवता खाली उतरून गेली होती. तेव्हापासून तिची अळीमिळी गुपचिळी. कुंपणच शेत खातंय हे सांगणार कुणाला, म्हणाली, आईला? का तुला?

मी खाटेची दांडी धरून उभी होते. खोलीत कुणीतरी दिवा लावला. लॅपटॉपचं दुखणंखुपणं, त्याला पाठ असलेला माझा पासवर्ड, हे सगळं एकेक करून माझ्या डोक्यात शिरत होतं आणि मला ते नको होतं. चोरी केली, मी मनात म्हणत होते, चोरी केली त्याने, वाईट केलं, घरी गेल्यावर बघते त्याला. तेवढ्यावर भागलं असतं तर मी थांबायला तयार होते.

बगळीने माझं मनगट धरलं. तिचा हात अजून बर्फासारखा होता.

"बोट आधी फाइलमधल्या जागेवर गेली होती ना?"

मी म्हटलं, हो.

"तेव्हा दादा कुठे होता?"

"माझ्या शेजारी."

"तिथे काही नाही हे त्याला माहीत होतं, वहिनी. काही बोलला?"

मी मान हलवली. नाही. एक अक्षर बोलला नव्हता. बोट तिथे पोचून जागा रिकामी निघेपर्यंत एक अक्षर नाही. हनुवटीपर्यंतच्या पाण्यात जिने धीर सोडला नव्हता तिचं सगळं अंग आता असं कापायला लागलं की खाट वाजत होती. मी पांघरूण घातलं, वर माझी शाल घातली, तिचे हात माझ्या हातांत घासले. काही केल्या तिचं कापणं थांबेना, आणि मलाही थंडी भरून आली.

तेवढ्यात ती दोघं आली. सासूबाई सरळ लेकीच्या उशाशी गेल्या आणि तिचं डोकं छातीशी धरून रडू लागल्या. नवरा कपड्यांची पिशवी आणि चहाचा थर्मास घेऊन पायथ्याशी उभा राहिला. त्याचे डोळे लाल होते, रडून लाल झालेले, खोटं नाही सांगत. तो पांघरुणावरून बहिणीच्या पावलाला हात लावायला गेला, तर जे पाय डॉक्टरांनी सांगूनही तिला हलवता येत नव्हते ते तिने झटकन पोटाशी ओढून घेतले.

मी त्याच्याजवळ गेले. सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू विचारायचं होतं, पण माझा आवाज माझ्या ताब्यात नव्हता.

"तुला ठाऊक होतं ना, तिथे ती नाही म्हणून?"

कशाबद्दल बोलतेस, असं त्याने विचारलं नाही. ते विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने आईकडे बघितलं, मग हातातल्या थर्मासकडे.

"मला वाटलं, तू हुशार आहेस," तो म्हणाला. "तू काढशीलच."

सासूबाईंना मागचंपुढचं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी डोळे पुसले आणि हात लांब करून माझ्या पाठीवरून फिरवला.

"काढलंच की तिने," त्या कौतुकाने म्हणाल्या.